एप्रिल १९८९चे पत्र : किरणजित अहलुवालिया प्रकरणाचा अभ्यास

इंग्लंडच्या वेस्ट ससेक्स परगण्यातील क्रॉली या गावी ९ मे १९८९ रोजी मध्यरात्रीनंतर किरणजित अहलुवालिया या पंजाबी स्त्रीने झोपलेल्या नवऱ्याच्या अंगावर पेट्रोल टाकून त्याला पेटवले. गंभीर भाजलेला दीपक अहलुवालिया १५ मे रोजी मरण पावला. डिसेंबर १९८९मध्ये ल्यूइस येथील क्राउन कोर्टाच्या ज्युरीने किरणजित यांना खुनाबद्दल दोषी ठरवले आणि त्यांना जन्मठेप झाली. ३१ जुलै १९९२ रोजी अपील न्यायालयाने ही दोषसिद्धी रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात त्यांनी मानसिक जबाबदारी क्षीण झाल्याच्या, म्हणजे मनाच्या आजारामुळे कृत्याची जबाबदारी कमी धरली जावी या आधारावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा मान्य केला. सरकार पक्षाने ही कबुली स्वीकारली आणि तोवर तुरुंगात काढलेली तीन वर्षे चार महिने हीच शिक्षा धरून न्यायालयाने त्यांना सोडले.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण ‘चिथावणी’ या बचावाच्या संदर्भात शिकवले जाते, आणि ते योग्यच आहे. येथे मात्र ते दुसऱ्या बाजूने वाचायचे आहे. अत्याचारी संसारातून बाहेर न पडलेल्या स्त्रीचे प्रकरण म्हणून ते सांगितले जाते, पण उपलब्ध नोंदी तारखांच्या क्रमाने लावल्या की वेगळेच दिसते. या स्त्रीने दहा वर्षांत बाहेर पडण्याचे एकाहून अधिक प्रयत्न केले होते. त्यांतील प्रत्येक प्रयत्न कोणत्या ना कोणत्या यंत्रणेने पाहिला, त्यातला आपल्या वाट्याचा तुकडा नोंदवला आणि प्रकरण मिटले असे धरले. त्या घरात काय चालले होते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा तर अशा एका पत्रात आहे, जे वरवर वाचले तर बाहेर पडण्याच्या नेमके उलट वाटते.

दहा वर्षांच्या नोंदी

किरणजित यांचा जन्म पंजाबातला. त्यांनी भारतात कायद्याचे शिक्षण सुरू केले होते. नातेवाइकांनी ठरवलेले त्यांचे लग्न १९७९मध्ये कॅनडात लागले, नवरा त्याआधी त्यांच्या ओळखीचाही नव्हता. लग्नानंतर दोघे इंग्लंडला आले. अपील न्यायालयाच्या निकालपत्रात संसाराचे जे वर्णन आहे, त्यानुसार मारहाण अगदी आरंभापासून होती. नवरा धिप्पाड होता आणि त्या अंगाने लहानखुऱ्या होत्या. ऑक्टोबर १९८१मध्ये नवऱ्याने टेलिफोन तीन-चार वेळा डोक्यात मारून जमिनीवर पाडल्याची नोंद त्यांच्या डॉक्टरांनी केलेली आहे, आणि १९८३मध्ये गरोदरपणी नवऱ्याने ढकलल्याचीही आहे. दीपक अहलुवालिया स्वतःची बाजू मांडायला हयात नाही, हे लक्षात ठेवूनच हा सारा वृत्तांत वाचावा लागतो. परंतु डॉक्टरांची टिपणे खटल्याच्या कितीतरी वर्षे आधीची असल्यामुळे ती बचावासाठी नंतर रचली गेली, असे कोणालाही म्हणता येत नाही.

१९८३मध्ये किरणजित न्यायालयात गेल्या आणि त्यांना नवऱ्याविरुद्ध मनाई हुकूम मिळाला. १९८६मध्ये त्या पुन्हा गेल्या. या दुसऱ्या वेळी नवऱ्याने गळा धरून सुरा रोखल्याची, ठार मारण्याची धमकी दिल्याची आणि घरच्या एका समारंभात अंगावर गाडी घालण्याचा प्रयत्न केल्याची तक्रार होती. न्यायालयाने पुन्हा मनाई हुकूम दिला. दरम्यान त्यांना दोन मुलगे झाले, आणि मारहाण मुलांच्या डोळ्यांदेखत होत असे.

एका परक्या देशात, तुटपुंज्या इंग्रजीच्या आधारे, दिवाणी न्यायालयातून एकदा नव्हे तर दोनदा आदेश मिळवणे हे सोपे काम नाही. ज्या स्त्रीने हे केले तिच्याविषयी ‘तिने मदत का मागितली नाही’ असे विचारणे म्हणजे कागदपत्रे न वाचताच प्रश्न विचारणे होय. इंग्लंडमध्ये १९७६च्या कायद्याने जिल्हा स्तरावरच्या दिवाणी न्यायालयांना असे आदेश देण्याचा अधिकार मिळाला होता, आणि शारीरिक इजा झालेली असेल तर आदेशाला अटकेचा अधिकार जोडण्याचीही सोय होती. मात्र हुकूम घेऊन स्त्री ज्या घरात परत जाते, त्याच घरात ज्याच्याविरुद्ध हुकूम आहे तो माणूसही राहत असेल, तर हुकूम मोडला गेला हे न्यायालयाला सांगण्याचे काम पुन्हा तिच्यावरच येते. म्हणजे मार खाल्ल्यानंतर तिनेच उठावे, वकील गाठावा, नवऱ्याला तुरुंगात पाठवण्याची मागणी करावी आणि त्यानंतर त्याच्या घरच्या माणसांना तोंड द्यावे, अशी अपेक्षा त्या हुकुमात गृहीत धरलेली असते.

दुसरा दरवाजा आप्तांचा होता. किरणजित यांनी घरच्यांना सांगितले होते, आणि त्यांना मिळालेले उत्तर मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही: नवऱ्याजवळ राहणे हा घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. त्या एकदा घर सोडून पळूनही गेल्या होत्या. नवऱ्याने त्यांना शोधून परत आणले. त्या काळी इंग्लंडमध्ये पीडित स्त्रियांसाठी आसरागृहे नव्हती असे नाही. लंडनच्या चिझिक भागातले पहिले प्रसिद्ध आसरागृह १९७१मध्येच उघडले होते आणि साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही आशियाई आणि आफ्रो-कॅरिबियन स्त्रियांची संघटना १९७९पासून पश्चिम लंडनमध्ये काम करत होती. पण सोय अस्तित्वात असणे आणि दोन लहान मुले कडेवर-बोटाशी घेऊन एखाद्या रात्री तिथपर्यंत पोहोचता येणे यांमध्ये जे अंतर असते, ते ओलांडण्यासाठी भाषा, पैसा आणि माहिती लागते. त्याशिवाय आपण गेल्यावर मागे राहिलेली माणसे आपल्याला टाकणार नाहीत, असा थोडाफार भरवसाही लागतो.

पत्र

१९८९च्या आरंभापासून मारहाण अधिक तीव्र झाली. त्याच सुमारास नवऱ्याचे दुसऱ्या एका स्त्रीशी संबंध जुळले. एप्रिलमध्ये तो सुमारे तीन दिवस घर सोडून गेला, आणि त्या काळात किरणजित यांनी त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक पत्र लिहिले. अपील न्यायालयाने ते निकालपत्रात उद्धृत केले आहे. तू परत आलास तर मी पुन्हा काळ्या कॉफीला हात लावणार नाही, असे त्यात आहे. दर आठवड्याला बाजारात जाणार नाही, हिरवी मिरची खाणार नाही, मैत्रिणींना सोडून देईन, एका नातलगाच्या घरी पाऊल टाकणार नाही, एका लग्नालाही जाणार नाही. भरपूर खाऊन अंगाने भरेन. तुला आवडत नसेल तर हसणार नाही. केसांना रंग लावणार नाही, शेजारणीकडे जाणार नाही, तुझ्याकडे कसलीही मदत मागणार नाही.

हे पत्र घाईने वाचणाऱ्याला त्यात नवऱ्यावरची आसक्ती दिसेल. हिंसा करणारा माणूस स्वतःहून निघून गेला होता. दार उघडे होते. आणि ही बाई त्याला परत ये म्हणून विनवत होती. मूळ खटल्यात सरकार पक्षाने नवऱ्याच्या परस्त्रीसंबंधांमुळे पेटलेला मत्सर हा हेतू म्हणून सुचवला, तेव्हा या पत्राला त्या कथेत बसवणे अवघड नव्हते. न्यायमूर्ती टेलर यांनी अपिलात मात्र त्यात दहा वर्षांच्या वागणुकीने स्त्रीची झालेली मानहानी आणि तिने गमावलेला स्वतःविषयीचा आदर पाहिला, आणि हे वाचन सहानुभूतीचे होते. माझ्या मते तेही पुरेसे नाही. पत्रातील प्रत्येक वचनामागे आधी घातलेली एक बंदी आहे. कॉफी, मिरची, केसांचा रंग, शरीराची जाडी, हसणे, शेजारीण, बाजार, लग्नसमारंभ या प्रत्येक बाबतीत कधी तरी नापसंती झाली असेल, वाद झाला असेल, कदाचित हात उगारला गेला असेल. त्याशिवाय कोणतीही स्त्री अशी यादी आपल्या मनाने रचत नाही. पत्र मानहानीचा पुरावा आहेच, पण त्याहून अधिक ते त्या घरात लागू असलेल्या नियमांचे दफ्तर आहे, आणि ते ज्याच्यावर नियम चालले त्या व्यक्तीच्या हातचे आहे.

आणखी एक गोष्ट त्यातून दिसते. मैत्रिणी, शेजारीण, नातलगाचे घर, लग्न आणि बाजार ही पाच ठिकाणे वचनांतून वजा झाली, की घराबाहेर असे एकही माणूस उरत नाही ज्याला ही स्त्री काही सांगू शकेल. जिच्या जाण्याच्या वाटा अशा एकेक करून मिटवल्या गेल्या आहेत, ती गेली का नाही हा प्रश्न त्यानंतर विचारणे मला अप्रामाणिक वाटते.

८ मे १९८९च्या रात्री नवरा सव्वादहाच्या सुमारास घरी आला. किरणजित यांनी त्याला पुन्हा विनवले. संसार संपला आहे असे तो म्हणाला. टेलिफोनच्या बिलासाठी पैसे हवेत, ते दिले नाहीत तर मारीन अशी धमकी त्याने दिली. तो कपड्यांना इस्त्री करत होता, आणि तिने आपल्या वाटेला जाऊ नये म्हणून तापलेली इस्त्री चेहऱ्यावर टेकवण्याची धमकीही त्याने दिली. त्यानंतर तो झोपला. तिला झोप लागली नाही, आणि पहाटे अडीचच्या सुमारास ती उठली.

कायद्याने कशाची दखल घेतली

पहिल्या खटल्यात किरणजित यांनी साक्ष दिली नाही. जीव घेण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा हेतू नव्हता, फक्त वेदना द्यायची होती, हा बचावाचा मुख्य मुद्दा होता. चिथावणीचा मुद्दा पर्यायी म्हणून मांडला गेला. त्यांच्या मनःस्थितीविषयी कोणताही वैद्यकीय पुरावा ज्युरीपुढे आला नाही. इंग्लंडच्या १९५७च्या होमिसाइड कायद्यात चिथावणी सिद्ध झाल्यास खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरत असे, आणि चिथावणीची व्याख्या १९४९च्या डफी खटल्यात न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी केलेल्या दिग्दर्शनावर आधारलेली होती. त्यानुसार स्वतःवरचा ताबा ‘अचानक आणि तात्पुरता’ सुटलेला असावा लागे. मारणारा माणूस शरीराने बळकट असेल तर त्याचा ताबा सुटतो तेव्हाच त्याचा हात पडतो. जिला समोरच्याची ताकद पुरती ठाऊक आहे, ती मात्र तो झोपेपर्यंत थांबते, आणि नेमके ते थांबणेच तिच्याविरुद्ध पूर्वनियोजनाचा पुरावा म्हणून उभे राहते.

साउथॉल ब्लॅक सिस्टर्सने हे प्रकरण हाती घेतले, प्रज्ञा पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरुंगातील किरणजित यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलून सगळी हकिकत उभी केली आणि जाहीर मोहीम चालवली. अपिलात किरणजित यांचे वकील जेफ्री रॉबर्टसन यांनी तीन मुद्दे मांडले. पहिला, डफीची कसोटी चुकीची आहे. दुसरा, दीर्घकाळ मार खाल्लेल्या स्त्रीची जी मानसिक अवस्था होते, तिचा विचार ज्युरीला करायला सांगायला हवा होता. तिसरा, तीव्र नैराश्याचा वैद्यकीय पुरावा आता उपलब्ध आहे. मराठी आणि इंग्रजी वृत्तांतांत अनेकदा असे लिहिले जाते की या निकालाने दीर्घकालीन छळाला चिथावणीची मान्यता दिली. तसे झालेले नाही. न्यायालयाने पहिले दोन्ही मुद्दे फेटाळले. प्रतिक्रिया उशिरा आली एवढ्याच कारणाने चिथावणीचा बचाव आपोआप बाद होत नाही, एवढे मात्र न्यायालयाने नमूद केले. परंतु विलंब जितका अधिक आणि विचारपूर्वक कृतीचा पुरावा जितका भक्कम, तितका तो बचाव टिकण्याची शक्यता कमी, हेही त्याने सोबत सांगितले. अपील मंजूर झाले ते तिसऱ्या मुद्द्यावर. मूळ खटल्यापूर्वीच एका डॉक्टरने नैराश्याकडे निर्देश करणारा अहवाल दिला होता आणि तो कोणत्याही समाधानकारक कारणाशिवाय वापरला गेला नव्हता, असे न्यायालयाला आढळले.

म्हणजे किरणजित सुटल्या त्या आजारी ठरल्यामुळे. त्यांच्यावर जे झाले ते काय होते, याला कायद्याने तेव्हा नाव दिले नाही. मोहिमेतील विजय मोठाच होता, आणि तो साजराही झाला, पण स्त्रीचे मन बिघडले होते हे सिद्ध करणे न्यायालयाला सोपे वाटले आणि घर बिघडले होते हे ऐकणे अवघड वाटले, ही त्या निकालातील अडचण तशीच राहिली. ती दूर व्हायला पुढे बराच काळ लागला. २००९च्या कायद्याने चिथावणीचा जुना बचाव रद्द केला आणि ‘ताबा सुटणे’ हा नवा बचाव आणला. ऑक्टोबर २०१०पासून लागू झालेल्या या तरतुदीत ताबा अचानकच सुटला पाहिजे ही अट नाही, गंभीर हिंसेची भीती हे कारण मान्य आहे, आणि जोडीदाराचे परस्त्री किंवा परपुरुषाशी संबंध हे एवढेच कारण पुरेसे धरले जात नाही. २०१५च्या कायद्याने जोडीदारावर सातत्याने नियंत्रण गाजवणे किंवा त्याला धाकात ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. एप्रिल १९८९च्या पत्रातील यादी ज्या गुन्ह्याखाली थेट बसली असती, तो गुन्हा कायद्याच्या पुस्तकात येण्यासाठी त्या पत्रानंतर २६ वर्षे जावी लागली.

भारतीय कायद्याच्या बाजूने

भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला आहे. ‘गंभीर आणि आकस्मिक’ चिथावणी हा अपवाद भारतीय दंड संहितेच्या कलम ३००मध्ये होता, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१मध्येही तो त्याच शब्दांत आहे. त्याचा आजही आधारभूत मानला जाणारा अर्थ मुंबईतील नानावटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्ये लावला. पत्नीने परपुरुषाशी संबंधांची कबुली दिल्यानंतर नौदलातील अधिकाऱ्याने सुमारे तीन तासांनी त्या पुरुषावर गोळ्या झाडल्या, आणि मधल्या काळात राग शमायला अवधी मिळाला होता असे न्यायालय म्हणाले. मृताच्या आधीच्या कृतींनी आरोपीच्या मनात जी पार्श्वभूमी तयार झाली, तिचा विचार करता येतो, हेही त्याच निकालात आहे. मद्रास उच्च न्यायालयाने १९८९मध्ये, नवऱ्याच्या छळाला कंटाळून मुलांसह विहिरीत उडी घेतलेल्या एका स्त्रीच्या प्रकरणात, दीर्घकाळ साचत गेलेल्या चिथावणीची कल्पना मान्य केली. ही वाट अरुंद आहे आणि न्यायालयागणिक तिची रुंदी बदलते.

परंतु किरणजित यांच्या प्रकरणाचा भारतातील खरा उपयोग खुनाच्या खटल्यापुरता नाही. २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आलेला कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा त्यांच्या दोन मनाई हुकुमांतील उणिवा जणू डोळ्यांसमोर ठेवून लिहिला असावा, असे त्याच्या काही कलमांकडे पाहून वाटते. संरक्षण आदेशाचा भंग हा कलम ३१नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही असलेला गुन्हा आहे. कलम १७ स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देते आणि कलम १९खाली हिंसा करणाऱ्या पुरुषाला त्या घरातून बाहेर जाण्याचा आदेश देता येतो, म्हणजे निघून जाण्याचा भार नेहमी तिच्यावरच पडत नाही. तरीही भंगाची तक्रार बहुधा तिलाच करावी लागते, आणि पहिला आदेश मोडला गेल्यानंतर तिच्याकडे स्वतःहून चौकशी करायला कोणी जात नाही, ही १९८६ची अडचण आपल्याकडे आजही आहे. समुपदेशन केंद्रांतून ‘तडजोड झाली’ असा शेरा मारून बंद होणाऱ्या फायली पाहिल्या, की त्या शेऱ्यानंतरच्या महिन्यांत काय झाले याची एकही ओळ त्यांत सापडत नाही.

या कायद्याच्या नियमांबरोबर जोडलेला पहिला नमुना म्हणजे घरगुती घटना अहवाल. संरक्षण अधिकारी तो भरतात. शारीरिक, लैंगिक आणि आर्थिक हिंसेबरोबरच त्यात शाब्दिक व भावनिक हिंसेचा रकाना आहे आणि त्याखाली घराबाहेर जाऊ न देणे, नोकरी करू न देणे, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला भेटू न देणे अशा बाबी छापलेल्या आहेत. किरणजित यांच्या पत्रातील बाजार, शेजारीण, मैत्रिणी आणि नातलगाचे घर या छापील बाबींत सरळ बसतात. कॉफी, मिरची, केसांचा रंग आणि हसणे बसत नाही. त्यांच्यासाठी ‘इतर’ म्हणून मोकळी जागा आहे, आणि घाईत भरलेल्या अहवालात ती रिकामी ठेवली जाते किंवा ‘मानसिक त्रास’ एवढे दोन शब्द लिहून भागवले जाते. त्या जागेत स्त्रीने सांगितलेली बंदी तिच्याच शब्दांत, तारखेसह आणि ती मोडल्यावर काय झाले याच्या उल्लेखासह उतरवली गेली, तर पुढे दंडाधिकाऱ्यांपुढे किंवा, दुर्दैवाने वेळ आलीच तर, सत्र न्यायालयापुढे तो कागद त्या एप्रिलच्या पत्राचे काम करू शकतो, आणि तेही तीन वर्षांच्या तुरुंगवासानंतर नव्हे तर आधीच.